बाहीची दोन बटणे

मित्रांनो, झाकणावरचे स्क्रूचे चित्र पाहून मला हार्डवेअरच्या दुकानात धाडू नका. मी एक जुना, आठ खान्यांचा पत्र्याचा डबा आहे आणि मी एका घराचे बजेट सांभाळले आहे. हे मी जरा तोऱ्यातच सांगतो, कारण एका दुपारी माझ्यामुळे ते घर मोडते की काय, अशी वेळ आली होती.

मला घरी आणले एका वायरमनने. तेव्हा माझ्यात खिळे आणि फ्यूजच्या तारा खुळखुळत. त्याची बायको पुढच्या खोलीत शिवणकाम करी. पँट आखूड करणे, चेन बदलणे, कोटाला अस्तर लावणे. गल्लीतले लोक तिला टेलरकाकू म्हणत. त्यांच्या एकुलत्या एक लेकीला नर्सिंगला जायचे होते. प्रवेशाची फी होती नऊ हजार, आणि महिनाअखेर घरात कधी शंभरही उरत नसत.

काकूंनी आधी वही केली. किराणा, वीज, औषधे असे रकाने आखले. अकराव्या दिवशी वहीवर गरम इस्त्री टेकली आणि कोणाला फारसे वाईटही वाटले नाही. मग त्या महिनाभर नुसत्या बघत राहिल्या. नवरा कामावरून येताना चौकात चहाला थांबतो आणि सोबत असेल त्यालाही पाजतो. लेकीला चाचणीत गुण कमी पडले की ती नवे पेन घेते. निघायला उशीर झाला की रिक्षा होते. पैसा वस्तूंवर जात नाही, सवयींवर जातो, हे त्या बाईने बरोबर हेरले.

एका रविवारी त्यांनी मला रॉकेलने धुतले आणि खान्याखान्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘चौकातला चहा’, ‘नवे पेन’, ‘उशीर झाला’, अशा. सर्वांत मोठ्या खान्यावर ‘फी’. आठवा खाना रिकामाच राहिला. नियम एकच होता. दहा काढले की त्या जागी एक बटण टाकायचे; वायरमनने लाल, लेकीने निळे.

“आणि तुझं बटण कुठलं गं?” त्याने विचारले.

“मी कुठे काय खर्च करते?” काकू म्हणाल्या आणि दाताने दोरा तोडला.

सहा महिने मी चोख काम केले. शेजारणी मला बघायला येत आणि काकू झाकण उघडून कौतुकाने दाखवत. त्या शिवलेल्या प्रत्येक कपड्याची चिठ्ठी तारेत ओवून ठेवत. शिलाईचा पैसा थेट ‘फी’त पडे.

फी भरायचा शेवटचा दिवस उजाडला. कॉलेजातली फीची खिडकी चारला बंद होणार होती. दुपारी एकला काकूंनी तारेतल्या चिठ्ठ्यांची बेरीज केली, ती भरली बरोबर नऊ हजार. मग माझ्यातले पैसे मोजले. साडेआठशे कमी होते.

पुन्हा मोजले. तेवढेच. ‘फी’च्या खान्यात एकही बटण नव्हते.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिले. “बटण न टाकता काढलेत?”

मित्रांनो, त्या माणसाचा चेहरा मला अजून विसरता येत नाही. तो भांडला नाही. त्याने मला जमिनीवर ठेवले आणि एकेक खाना मोजून दाखवला. महिनाअखेर होती, बाकीच्या खान्यांत बटणेच जास्त होती. चहाच्या खान्यात दहाच्या दोन नोटा उरल्या होत्या, आणि लाल बटणे जितकी हवीत तितकीच होती. “चहा पितो मी,” तो म्हणाला, “पण पोरीचे पैसे?”  लेक खाली मान घालून बसली होती. खरे काय ते मला ठाऊक होते. ‘फी’च्या खान्यातून काहीच गेले नव्हते. पण डब्याला तोंड असूनही बोलता येत नाही.

इतक्यात शाळेच्या बसचा ड्रायव्हर कोट न्यायला आला. शिलाईचे साठ रुपये झाले होते. त्याने खिसे चाचपले आणि पाचशेची नोट काढली. काकूंचे डोळे भरलेले होते, तरी तोंडातून सवयीने निघून गेले, “राहू द्या हो, पुढच्या वेळी द्या.”

 लेक आईकडे बघत होती. वायरमनही बघत होता. काकूंचा हात तोंडाशी गेला. चिठ्ठ्या साऱ्या तारेत होत्या, पण कितीतरी पैसे उंबरठ्याच्या आत आलेच नव्हते.

“अहो, थांबा!” त्या ड्रायव्हरच्या मागे धावल्या. “आजच द्या. मी सुटे करून देते.” हे म्हणताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मग काकूंच्या गळ्यात चिठ्ठ्यांची तार, काखेत मी आणि मागे बाप-लेक, अशी आमची वरात निघाली. एकेक दार. कोणी लगेच दिले, कोणी कपाळाला आठ्या घातल्या, कोणी घरीच नव्हते. काकू झपाझप चालत होत्या आणि माझ्यातली नाणी वाजत होती. खिडकीशी पोचलो तेव्हा चारला सात मिनिटे कमी होती.

कारकुनाने मोजले. “वीस कमी आहेत.”

वायरमनने मला पुढे सरकवले आणि चहाच्या खान्यावर बोट ठेवले. काकूंनी त्या दोन नोटा काढून खिडकीत दिल्या. मग त्यांनी एका बाहीचे बटण खसकन तोडले, दुसऱ्या बाहीचेही तोडले.

“बाई, बटणं चालत नाहीत इथे,” कारकून म्हणाला.

“ही तुम्हाला नाहीत,” काकू म्हणाल्या.

“राहू दे गं,” वायरमन पुटपुटला.

“नाही. माझं चुकलं,” त्या म्हणाल्या आणि दोन्ही बटणे चहाच्या खान्यात टाकली. पावतीवर शिक्का पडला तेव्हा मायलेकी रडत होत्या आणि वायरमन पावती फुंकून वाळवत होता.

त्या आठवड्यात आठव्या खान्यावर चिठ्ठी लागली, ‘राहू द्या’. लेक आता नर्स आहे. तिचा सारा हिशेब फोनमध्ये असतो, आणि मी फळीवर गंजत पडलो आहे. वाईट वाटते, पण तक्रार नाही. मित्रांनो, माझ्यासारखा डबा तुम्हीही करा. मात्र दुसऱ्यांची बटणे ठरवण्याआधी आपले बटण कुठले, ते आपणच शोधा. आणि घरात असा एखादा जुना डबा असेल, तर त्याला तेलाचा हात लावा, पण रिकामा करू नका. माझ्या चहाच्या खान्यात ती दोन बटणे अजून तशीच आहेत. वायरमन ती कोणाला काढू देत नाही.