दोऱ्यावरचं बटण

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. मित्रांनो, मला गोष्ट सांगायची सवय नाही. गप्प राहून फिरायची आहे. जमेल तशी सांगतो.

कारखान्यात पुठ्ठ्याच्या दोन अर्ध्या वाट्या जोडून मला घडवलं आणि वर देशांचे रंगीत कागद चिकटवले. एका शिंप्याने मला आपल्या शाळकरी मुलीसाठी आणलं आणि शिवणयंत्राशेजारी ठेवलं. माझ्यावरून बोट फिरवत ती मोठी झाली आणि एक दिवस पार माझ्या पाठीवरच्या शहरात नोकरीला निघाली.

त्या दिवशी शिंप्याने मला दोन टाचण्या टोचल्या. दुखलं, पण मी बोललो नाही. दोन शहरांमध्ये त्याने काळा दोरा ताणला आणि त्यात पांढरं बटण ओवलं. विमानाला किती तास लागतात ते मुलीला विचारून दोऱ्यावर खडूने तेवढ्या खुणा केल्या. दर तासाला बटण एक खूण पुढे सरके. ते टोकाला पोचलं आणि थोड्याच वेळात फोन वाजला!

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. शेजारीपाजारी मला बघायला आले. आधीच गोल असलेला मी आणखीच फुगलो.

काही वर्षांनी मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन एकटीच यायला निघाली. शिंपी आता बटण उलटं सरकवू लागला.

"पोचणार कधी, ते विचारलंत का?" बायकोने विचारलं.

"विचारायचं काय त्यात? कापड इकडून मोज नाहीतर तिकडून, भरतं तेवढंच."

संध्याकाळी बटण घरच्या टाचणीला टेकलं. फोन गप्प.

शिवणयंत्र थांबलं. शिंप्याने रिसीव्हर कानाला लावून पाहिला; फोन चालू होता. विमान कंपनीचा नंबर काही केल्या लागेना. बाहेर अंधारून आलं तरी दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही.

"बाळाला काही झालं नसेल ना?" बायको पुटपुटली. मग तिचा धीर सुटला. "जग म्हणजे काय शर्टाची बाही आहे, टेप लावून मोजायला?"

शिंप्याचं बोट बटणावरच होतं आणि ते किती घट्ट दाबलेलं होतं, हे फक्त मला कळत होतं. माझ्यावर समुद्र किती आहे, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

फोन वाजला तेव्हा दोघंही एकदम धावली.

"उशीर? छे हो बाबा, वेळेवर उतरलं विमान! जाताना वारा मागून ढकलतो, येताना तोच समोरून येतो. यायला जास्तच वेळ लागतो." तिच्या मागे बाळ भोकाड पसरून रडत होतं.

"रडू दे," बायको डोळे पुसत म्हणाली. "किती छान रडतंय."

तेव्हापासून शिंप्याचा नियम बदलला. बटण घरच्या टाचणीच्या जरा अलीकडे थांबवायचं आणि फोन आला की मगच टेकवायचं.

आता विमान कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं. मी कपाटावर असतो. माझ्या समुद्रांवर धूळ साचली आहे. पण मुलगी निघाली की थकलेला शिंपी अजूनही मला खाली उतरवतो. "पडाल!" म्हणून बायको ओरडते, आणि स्टूल मात्र तीच धरते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर कधीतरी त्याच्यावरून फडकं फिरवा. आणि लांब गेलात तर पोचल्या पोचल्या घरी फोन करा. तोवर कुणाचं तरी बोट बटणावर थांबलेलं असतं.