नंतरबघूचं नामांतर

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत, साहेबसुद्धा. तिथं अकरा ॲप्स आणि त्यांना लागणाऱ्या तयार कोडच्या त्रेसष्ट लायब्ररी एकाच मोठ्या फोल्डरखाली नांदत होत्या. कोडच्या अशा एकत्र संसाराला मोनोरेपो म्हणतात, आणि तो सांभाळणं हे ताईचं काम. कुठल्या ॲपला कुठली लायब्ररी लागते ते आपल्याला तोंडपाठ आहे, असा तिचा सोमवारपर्यंत समज होता.

सोमवारी साहेबांनी एक नवं प्लगिन बसवायला लावलं. कोण कुणावर अवलंबून आहे ते शोधून ते भिंतीवरच्या पडद्यावर चित्र काढायचं. भराभर रेघा उमटल्या आणि अकराही ॲप्सच्या रेघा एकाच चौकोनात जाऊन घुसल्या. चौकोनावर नाव होतं, 'नंतरबघू'.

"हे काय ध्यान आहे?" साहेबांनी विचारलं.

ती लायब्ररी सहा वर्षांपूर्वी ताईनंच लिहिली होती. दिलेली तारीख खरी आहे का ते तपासायचं, एवढंच त्या लायब्ररीचं काम. नाव सुचेना, तेव्हा मनात आलं ते ठोकून दिलेलं.

"कुणी जुन्या माणसानं केलं असेल," ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

साहेबांनी प्लगिनलाच विचारलं. त्याला कसली आलीय भीडभाड! त्यानं ताईचं पूर्ण नाव झळकवलं, वर वेळही : दुपारी बारा अठ्ठावन्न.

"ताई!"

"भूक लागली होती हो, साहेब."

मग नवं नाव ठरवायला मीटिंग बसली. दोन तास डोकेफोड झाल्यावर साहेबांनी 'आधारस्तंभ' सुचवलं आणि स्वतःच टाळी वाजवली. नाव बदलायची सोय प्लगिनमध्ये होतीच. त्यानं विचारलं, फक्त कोडमध्ये बदलू, की सगळीकडे? एकदाची ब्याद जाऊ दे, म्हणून ताईनं 'सगळीकडे' दाबलं. सगळ्या चाचण्या पास झाल्या. ती निवांत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्या दवाखान्याचं ॲप त्याच अकरातलं.

"अहो, माझ्या ॲपला काय करून ठेवलंत?"

त्या ॲपमध्ये दोन बटणं होती, 'आत्ता वेळ घ्या' आणि 'नंतर बघू'. प्लगिननं मधली मोकळी जागासुद्धा जुमानली नव्हती. दुसऱ्या बटणावर आता ठळक अक्षरांत 'आधारस्तंभ' होतं.

"लोक विचारतायत, आधारस्तंभ म्हणजे दाढेत खांब ठोकणार का? घाबरून सगळे पहिलंच बटण दाबतायत. इथं बसायला खुर्ची उरली नाही!"

"चूक झाली, डॉक्टर. दहा मिनिटांत होतं तसं करते."

"खबरदार! चार-चार वर्षं तोंड न दाखवलेले आलेत आज. महिनाभर हात लावू नका."

साहेबांना हे कळल्यावर त्यांची छाती फुगली. "नाव कुणी सुचवलं होतं?" असं ते दिवसभर येईल-जाईल त्याला विचारत होते. ताई मात्र उरलेल्या दहा ॲप्समधले आधारस्तंभ हातानं उपटत बसली. लाँड्रीच्या ॲपमधले तर संपता संपेनात.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आभार मानायला पुन्हा फोन केला, आणि सहज विचारलं, "तुम्ही स्वतः दात कधी दाखवले होते शेवटचे?"

ताईची जीभ हळूच डाव्या दाढेपाशी गेली. तिथं गेले कित्येक महिने काहीतरी ठणकत होतं.

"गुरुवारी येते," ती बारीक आवाजात म्हणाली.