शनिवारचं सारवण

बोटांच्या कमानी... पडवीच्या कोपऱ्यात, वाळलेल्या शेणावर, एकीत एक गुंतलेल्या, गेल्या शनिवारी तुळसाने उठवलेल्या. प्रयागबाई पायरीवरून त्यांच्याकडेच बघत राहिल्या, कारण नजर वर नेली की घराच्या उंबऱ्यात तुळसाचा आजा गोमाजी उभा होता.

"पडवी माजी हाय, बाई. शाळा भरवा, नको कोन म्हनतो? पन ती पोर हितं सारवनार नाय."

ती पोर म्हणजे आवडी. खालच्या वाडीतली; शिवाशिवीपायी मागच्या वर्षापर्यंत पायरीखाली बसून पाढे म्हणणारी. दर शनिवारी एकेका मुलीने शाळा सारवायची, आणि आज पाळी तिची होती. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ती अंगणात उभी होती — उतरवू की नको, अशी.

सोमवारी यानं पडवी बंद केली तर कुडपणच्या या पठारावर दुसरं छप्पर कुठलं? मुलं गुरांमागे जातील, आणि सगळ्यांत आधी जाईल ती हीच... आठवडाभर बाईंनी भूगोल शिकवला होता. समुद्र, खंड, आणि साऱ्या माणसांचं मिळून एकच घर, ही पृथ्वी. पोरांनी घोकलं. आवडीनं तेवढं विचारलं, "बाई, मंग ही पडवी पन पृथ्वीवरच हाय ना?" वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि हसता हसता कळलं, की आता सुटका नाही.

महाडचं तळं... प्रयाग तेव्हा परकरातली. ज्यांना बंदी होती ती माणसं तिथलं पाणी प्यायली, म्हणून तळं शुद्ध करायला शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या. वडीलही त्या ओतणाऱ्यांत. "बाबा, शेणानं पाणी घाण नाही का होत?" — आणि गालावर बसली ती! अजून भ्यायलं की हात आपोआप त्या गालावर जातो. तिथे शेणानं पाणी शुद्ध झालं, इथे हिच्या हातानं शेणच विटाळतं. हे तेव्हा समजलं नाही. आता समजून घ्यायचंही नाही.

"आवडे, उतरव पाटी."

बाईंनी पदर खोचला, चपला काढल्या आणि स्वतः शेण कालवायला बसल्या.

"बाई, इचार करा. सोमवारी पोरं कुठं बसवाल?"

"उन्हात, गोमाजीबाबा. तुमची तुळसाही तिथेच बसेल."

"आमची तुळसा नाय येनार!"

"मी येनार," घरातून तुळसाचा आवाज आला.

"गप गो!"

आवडीनं उंबऱ्यालगत पहिला हात फिरवला, आणि मागे मागे सरत, बाहेरच्या पायरीकडे येऊ लागली. गोमाजीचं बोलणं चालूच होतं. बोलता बोलता त्यानं पाय उचलला तेव्हा समोर सगळं ओलं होतं.

"बाबा, वलं हाय वो," आवडी मान वर न करता म्हणाली. "पाय उठंल."

पाय तसाच अधांतरी.

सोमवारचं काय, ते बाईंना ठाऊक नव्हतं. भीती होतीच. फक्त हात गालाकडे गेला नव्हता. तो मनगटापर्यंत शेणात होता, आणि तिथून काढावासा वाटत नव्हता...