चुकीचा केक

सिसेलचं नाव वर्तमानपत्रात छापून आलं, त्या दिवसापासून प्रेबेनच्या छातीत कळ येत होती. हृदय ठणठणीत होतं. त्याने तपासून घेतलं होतं.

डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहरातल्या एका संशोधन विभागात दोघंही हृदयविकारावर काम करत. सिसेलचा निष्कर्ष लोभस होता: हार्ट अटॅकनंतर चिंता शमवणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण जास्त जगतात. आधीच चिंतेत असलेला देश खूश झाला. त्यातून विभागप्रमुख ग्रेटे निवृत्त होणार होती आणि खुर्ची दोघांपैकी एकालाच मिळायची होती.

प्रेबेनने सिसेलच्या शोधनिबंधाचा खर्डा इतक्या मायेने वाचला, की स्वतःच्या बायकोचं पत्रही कधी तसं वाचलं नसेल. शेवटी हवं ते सापडलं.

सोमवारच्या बैठकीत तो खाकरला. "सिसेल, बारीकशी शंका आहे गं. अटॅक आला त्याच दिवशी जो मेला, तो गोळ्या आणायला दुकानात गेला का?"

"मेलेला कसा जाईल?"

"मग त्याला तू कुठे धरलंस?"

"गोळ्या न घेणाऱ्यांत..." ती थबकली. "अरे देवा! गोळीमुळे माणसं जगली नाहीत. जगली म्हणून त्यांना गोळी मिळाली!"

प्रेबेनने दुःखी चेहरा केला. आरशासमोर सराव झाला होता.

चुकेल त्याने केक आणायचा, ही विभागाची रीत. शुक्रवारी सिसेलने आणला. वर साखरेने लिहिलं होतं: 'मेलेले दुकानात जात नाहीत.' सगळे हसून लोळले. नव्या हिशेबात गोळीचा फायदा उडाला होता, आणि तसं तिने स्वतःच वर्तमानपत्राला कळवलं होतं. त्यांनी तिचा आणखी मोठा फोटो छापला.

"चूक कबूल करायला छाती लागते," ग्रेटे म्हणाली.

"चूक मी काढली," प्रेबेन म्हणाला.

"काढलीस ना, झकास काढलीस! पण तुझा केक कधी खाल्ल्याचं आठवत नाही रे."

"मी चुकत नाही."

"कसा चुकशील? त्यासाठी आधी स्वतःचं काहीतरी म्हणावं लागतं." आणि तिने तिथेच खुर्ची सिसेलला देऊन टाकली.

सिसेलने सर्वांत मोठा तुकडा प्रेबेनच्या बशीत ठेवला. "खा रे, तुझ्यामुळेच तर आहे!"

केक अप्रतिम झाला होता. इतकी फर्मास चूक आपल्याला का सुचली नाही, या विचाराने त्याला घास गिळवेना.