पहिला घोट पाणबुड्याचा

"तुर्कांना पाणी द्यायचं," रुमैह म्हणाला, "पण गोडं द्यायचं नाही."

सालमीन बुडी मारायच्या तयारीत होता. पायाला बांधायचा दगड त्याने हातातच धरून ठेवला. रुमैह हा शेखचा कारभारी. निरोप असला की तो माणूस पाठवी, स्वतः होडी काढून समुद्रातल्या झऱ्यापर्यंत कधी येत नसे. आज आला होता, आणि होडीत एका मुक्या वल्हेकऱ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

"म्हणजे कसं?"

"पखाल झऱ्याच्या तोंडाशी लावायची नाही. हातभर बाजूला लावायची. मचूळ भरेल, तेवढंच द्यायचं."

"जहाजावर चाळीस माणसं तापाने पडलीत म्हणे."

"सगळं ठाऊक आहे मला," रुमैह म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "पाणी नाही म्हटलं, तर तुर्क उद्या तोफा घेऊन येतील. गोडं पाणी दिलं, तर इथेच महिनाभर नांगर टाकून बसतील. मग तो बुशहरला बसलेला इंग्रजांचा वकील शेखला विचारील, आमच्याशी बोलणी करतोस आणि तुर्काला अंगणात बसवतोस? म्हणून नाही म्हणायचं नाही, आणि हो पण म्हणायचं नाही. त्यांनी पाणी मागितलं, आपण दिलं. त्यांना रुचलं नाही, ते गेले. झरा बिघडला, त्याला शेख काय करणार?"

दोर धरून बसलेला फरज खो खो हसला. फरज हा सालमीनच्या बायकोचा धाकटा भाऊ. सालमीन खाली जाई, फरज वरून ओढून घेई. जीभ त्याची सैल होती.

"वा कारभारी! इंग्रज आला की झरा सुधारायला हवा, हेही आत्ताच त्याच्या कानात सांगून ठेवा. नाहीतर घोळ व्हायचा. मागे इराणचं निशाण उतरवायला उशीर झाला आणि तुर्काचं चढलं, तसा."

"तू दोर धर, फरज."

"धरलाय की. मी आणखी काय धरणार?"

सालमीनला निशाणांचं काही नव्हतं. किल्ल्यावर कधी इराणच्या शहाचं फडकं चढे, कधी तुर्कांचं, कधी दोन काठ्यांवर दोन. बेट एवढंसं, भोवतीचे राजे एवढे मोठे. शेख तरी काय करणार, असं तो स्वतःच लोकांना सांगे. त्याची अडचण वेगळी होती.

"आणि पहिला घोट?" त्याने विचारलं.

रुमैहने त्याच्याकडे न बघता समुद्राकडे बघितलं. "गिळायचा. तोंड वाकडं करायचं नाही. तीस वर्षं समुद्रात आहेस. खारं पाणी पोटात गेलं नाही का कधी?"

त्या बेटाच्या पाणबुड्यांची रीत होती ती. समुद्राच्या तळातून गोडं पाणी उसळतं, ते दोन पुरुष खोल जाऊन कातड्याच्या पखालीत भरायचं. वर आलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भरणाऱ्याने पहिला घोट स्वतः प्यायचा. त्याचा घसा हललेला दिसला, की मगच जहाजवाले पिंपाचं झाकण काढत. त्याने थुंकलं, तर पाणी खराब. पखाल तिथेच ओतून द्यायची. कुठली शपथ नाही, कागद नाही. बसऱ्यापासून मस्कतपर्यंत सगळ्या खलाशांना हे ठाऊक होतं. सालमीनला अक्षर येत नव्हतं. सही म्हणा, शिक्का म्हणा, त्याच्याकडे हा एक घोटच होता.

"नाही जमलं तर?"

"झरा शेखचा आहे, सालमीन. तुझ्या बापाला दिला तो मर्जी झाली म्हणून." रुमैहने वल्हेकऱ्याला वल्हं उचलायची खूण केली. "मोत्यांचा हंगाम संपला की तुझ्या लेकीचं, शम्माचं लग्न आहे ना? अल्ला सुखरूप पार पाडो."

एवढं बोलून त्याने आपली होडी मागे घ्यायला लावली आणि हाकेच्या अंतरावर उभी केली.

थोड्या वेळाने तुर्कांची होडी आली. तिच्यात सहा पिंपं होती आणि वर यूनुस बसला होता. यूनुस मूळ बसऱ्याचा, तुर्कांच्या चाकरीतला, आणि या झऱ्यावर दहा वर्षं पाणी भरून नेणारा.

"काय म्हाताऱ्या, अजून मासे खात नाहीत का तुला?"

"चव बिघडेल म्हणून सोडतात," सालमीन म्हणाला. रोजचंच उत्तर होतं, पण आज ते त्याला जड गेलं.

"घाई कर बाबा. पोरं वाळल्या ओठांनी आईला हाका मारतायत. कालपासून दोघं गेले. तुमच्या गावातल्या विहिरीचं पाणी पाजलं, तर ओकून टाकलं."

सालमीनने नाकाला चिमटा लावला, पखालीचं तोंड मुठीत आवळलं आणि दगडासोबत खाली गेला. तळाशी खजुराच्या खोडाचा खुंट ठोकला होता, त्याच्या बुडाशी झऱ्याचं तोंड. पाण्याचा जोर तळहाताला लागला. त्याने हात मागे घेतला. हातभर बाजूला, जिथे गोडं आणि खारं एकमेकांत कालवलं जातं तिथे, त्याने मूठ सैल केली. पखाल नेहमीसारखी टम्म फुगली नाही. हळूहळू भरली. त्याने दोराला हिसका दिला.

वर आल्यावर यूनुस त्याच्या गळ्याकडे बघत होता. मागे रुमैहही बघत होता. सालमीनने पखाल उचलली आणि घोट घेतला.

चेहरा हलला नाही. तेवढं त्याला जमलं. पाणी जिभेवर होतं, गालांत होतं. खाली उतरायचंच काय ते बाकी होतं. आयुष्यात त्याने किती खारं पाणी गिळलं असेल त्याला हिशोब नव्हता. एकदा तर मरता मरता वाचला होता. पण हे पाणी घशापाशी येऊन उभं राहिलं. त्याने शम्माचं नाव मनात घेतलं. तरी घसा हलला नाही. पुढे कितीतरी जणांनी विचारलं, तेव्हाही त्याला कारण सांगता आलं नाही. मी धीट नाही, एवढंच तो सांगे.

तो होडीच्या कडेला वाकला आणि थुंकला.

फरजने मुकाट्याने पखाल समुद्रात ओतून दिली.

"झरा बिघडला?" यूनुसने विचारलं. मग त्याने संथ समुद्राकडे बघितलं, दूर उभ्या असलेल्या रुमैहच्या होडीकडे बघितलं, आणि त्याला जे कळायचं ते कळलं. "पुन्हा जा, सालमीन. नीट भरून आण."

सालमीनने रुमैहकडे पाहिलं. रुमैहने मान फिरवली.

"आज नाही," सालमीन म्हणाला.

"आज नाही की मुळीच नाही?"

"मला नका विचारू, यूनुसभाई."

यूनुसला राग आला असता तर बरं झालं असतं. "खोटं पाजलं नाहीस," तो म्हणाला, "पण खरं दिलंही नाहीस." आणि त्याने होडी वळवायला सांगितली.

संध्याकाळच्या आत तुर्कांचं जहाज नांगर उचलून कतीफच्या बंदराकडे निघून गेलं. रुमैहला हवं ते झालं, पण हवं तसं झालं नाही. झरा आटला, बिघडला असं सांगत ते गेले नाहीत. शेखच्या हुकमाने आम्हाला पाणी नाकारलं, असं सांगत गेले. बसऱ्याहून तसं धमकीचं पत्रही आलं. पत्र आल्यावर शेख घाबरला, आणि घाबरलेल्या शेखपुढे इंग्रजाने कागद ठेवला. इंग्रजाखेरीज कोणाशी बोलणार नाही, कोणाला जागा देणार नाही; त्या बदल्यात इंग्रज बेटाचं रक्षण करील. शेखने त्यावर शिक्का उठवला, त्या दिवशी बंदरात एकवीस तोफा झाल्या आणि बायकांनी पोरांना घरात ओढलं.

शेखने झरा सालमीनकडून काढून फरजला दिला. फरज स्वतः सांगायला आला, तेव्हा त्याची जीभ पहिल्यांदाच चालेना.

"दाजी, मी नाही म्हणालो असतो..."

"तर तिसऱ्याला दिला असता. घे. खुंटाभोवतीचं शेवाळ आठवड्याला काढत जा. ते विसरतोस तू."

"ताई बोलेल का माझ्याशी?"

"आज नाही बोलणार," सालमीन म्हणाला. "कॉफी मात्र देईल."

शम्माचं लग्न झालं, थोडक्यात झालं. सालमीन गाढवावर विहिरीचं पाणी घालून गल्लोगल्ली देऊ लागला. विहिरीचं पाणी कसं आहे ते सगळ्यांना माहीत होतं, त्याची कोणी पारख करत नसे. कधी कधी रिकामी पखाल खांद्यावर टाकून तो कोणाच्या तरी दारात उगाच उभा राही, आणि घरची बाई म्हणे, "काका, काही विसरलं का?"

हिवाळ्यात उत्तरेचा वारा सहा दिवस घोंघावला. सातव्या दिवशी सकाळीच फरज दारात आला. अंगावरून पाणी निथळत होतं, ओठ निळे पडले होते.

"खुंट गेला, दाजी. तळ सगळा वाळूने भरलाय. पहाटेपासून शोधतोय, तोंड सापडत नाही. इंग्रजांचं जहाज येऊन उभं आहे. कारभारी तिथेच बसलाय, डोळे वटारून."

सालमीनची बायको चुलीपाशी होती. "कागद करताना झऱ्याला विचारलं नव्हतं वाटतं," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "जायचं असेल तर दोन खजूर तोंडात टाकून जा, शम्माचे बाबा. पाणी गार आहे."

तो गेला. झरा वाळूखाली फार दिवस दबला की मार्ग बदलतो, मग शंभर वर्षांत सापडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. रुमैह आपल्या होडीत शाल गुंडाळून बसला होता. सालमीनने त्याला सलाम केला आणि विचारलं, "एक सांगा. झरा सापडला, आणि उद्या कोणाला मचूळ द्यायचा हुकूम आला, तर?"

"येणार नाही."

"शब्द?"

"शब्द कशाला? आता मागायलाच कोणी येणार नाही. ना तुर्क, ना इराणी. कागद झालाय, सालमीन." रुमैहच्या बोलण्यात कुठला टोमणा नव्हता. तोही दमलेला दिसत होता. "तू काळजी करत होतास, ती मिटली."

यूनुसला एक पखाल नीट भरून द्यायची राहिली होती, आणि ती आता राहणारच होती. मग सालमीनने दगड पायाला बांधला.

हिवाळ्यात समुद्र गार असतो, झऱ्याचं पाणी कोमट. तो तळावर चालला, टाचा वाळूत रोवत, बोटं पसरत. पहिल्या बुडीत काही नाही. दुसरीतही नाही. तिसऱ्या बुडीत डाव्या टाचेला ऊब लागली, जेमतेम, आजाऱ्याच्या अंगासारखी. तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनी वाळू उपसू लागला. छाती फुटायला आली तेव्हा वर आला, पुन्हा गेला. पाचव्या खेपेला पाणी त्याच्या तोंडावर उसळलं.

फरजने खाली जाऊन पखाल भरली. वर आल्यावर त्याने ती सालमीनपुढे धरली.

"तुझा झरा आहे," सालमीन म्हणाला. "तू पी."

फरजने घोट घेतला आणि गिळला. इंग्रजांच्या होडीतला गोरा खलाशी काहीतरी बोलला. दुभाष्याने रुमैहला विचारलं, "साहेब म्हणतात, गिऱ्हाइकाच्या आधी हा का पितो?"

"तहान लागली असेल म्हणावं," रुमैह म्हणाला.

गोरा हसला. त्याने फरजच्या हातातून पखाल घेतली आणि पिंपात ओतायला सुरुवात केली. पिंपाचं झाकण आधीपासूनच उघडं होतं.

सालमीनने फरजला आपल्याला जवळच्या वाळूच्या पट्टीवर सोडायला सांगितलं. फरजने खांद्यावरची घोंगडी काढून पुढे केली. सालमीनने ती न घेता लुंगीचा काचा वर खोवला. ओहोटी लागली होती. तिथून गावापर्यंत घोटाभर पाणी आणि मऊ चिखल, एवढंच होतं. त्या उघड्या पडलेल्या समुद्रातून तो एकटा घराकडे चालू लागला, घाई न करता, पाऊल टाकण्याआधी तळ चाचपत.