शिंपीणबाईंनी मांडीचा कागद कापला

या, असे जवळ सरकून बसा. देवाचं नाव घ्या आणि आपल्या शिंपीणबाईंची गोष्ट ऐका. तिखटमीठ न लावता सांगायची आहे.

बाईंचा खुबा झिजला होता. सर्जनने जेमतेम दोन-तीन इंचांच्या चिरेतून नवा बसवला. तिसऱ्या दिवशी बाई घरी, दोन महिन्यांत मशीनवर. देवाच्या कृपेने दुखणंही गेलं. पण शिवताना हातातल्या टाचण्या मांडीवरच्या कापडात खोचायची त्यांची जुनी खोड. एके दुपारी सून म्हणाली, "सासूबाई, या पांढऱ्या झग्यावर रक्त कुठून आलं?" पाहतात तर तीन टाचण्या कातडीत रुतलेल्या, आणि बाईंना गंधवार्ता नाही.

सर्जनला सांगितलं, तर तो एक्स-रे बघत म्हणाला, "सांधा उत्तम बसलाय. बाकी मनाचे खेळ असतात, मावशी."

हे मात्र बाईंना झोंबलं. चाळीस वर्षं गावाची मापं घेतली, आणि स्वतःच्या अंगाचं माप आपल्याला कळू नये? घरी येऊन त्यांनी डोळे मिटले. सुनेने टाचणीचं टोक लावत जायचं. टोचेल तिथे बाईंनी "हां" म्हणायचं. त्या "हां"च्या कडेकडेने खडूची रेघ ओढली. आतल्या बधिर जागेवर कागद ठेवून रेघेबरहुकूम कापला: अकरा इंच लांब, पाच रुंद.

पुढच्या तपासणीला सुनेला घेऊन गेलेल्या बाईंनी तो कागद सर्जनच्या टेबलावर पसरला. "हा माझ्या मनाचा खेळ. शिलाईला जागा सोडलेली नाही, नेमका आहे."

सर्जनने कागद उचलून उलटसुलट पाहिला. "आत काम करताना कातडीची नस ताणली जाते कधीकधी," तो म्हणाला. "बधिरपणा जाईल, कदाचित राहीलही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"लोक घाबरतात."

"घाबरू द्या की. मी घाबरत आले असते, पण आले असते. आता फायलीत लिहा. तिथे 'गुंतागुंत नाही' असं लिहून ठेवलंय तुम्ही."

"बाहेर रांग आहे, मावशी."

"असू दे. मी बसते. खुबा तुम्हीच इतका छान बसवलाय."

सुनेने मान खाली घालून हसू दाबलं. सर्जनने पेन उचललं. लिहून झाल्यावर बाईंनी ते मोठ्याने वाचायला लावलं.

"'रुग्णाच्या म्हणण्यानुसार' हे खोडा. तपासा, आणि मग लिहा."

त्याने टाचणी घेतली, चार ठिकाणी लावून पाहिली, आणि ते शब्द खोडले.

तर मंडळी, उद्या कुणी तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला म्हणालं, की एवढीशी तर चीर, तर ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी आमच्या शिंपीणबाईंची आठवण ठेवा.