उजव्या कानाजवळची सायकल

मी एक जुनी, जाडजूड, चिखलाच्या रंगाची हिवाळी सायकल आहे. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. थापा मी फक्त उतारावर मारते. चढावर तेवढा दम उरत नाही. तेव्हा माझ्या हकिकतीत जिथे चढ येईल, तिथे बिनधास्त विश्वास ठेवा.

माझा जन्म चारचौघींसारखाच झाला. नळ्या तापवल्या, जोडल्या, रंग फवारला. रंगाच्या वेळी म्हणे कारखान्यातला चांगला रंग संपला होता, म्हणून सगळ्या डब्यांचे तळ खरवडून एकत्र केले आणि मला फासले. तिथून मी आले यॉर्कशरच्या डोंगरांतल्या थॉर्नक्लफ गावात, सायकलींच्या दुकानाच्या पार मागच्या भिंतीला. आमच्या खोऱ्यात पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो. एकदा तर तो इतका आडवा आला, की खाली तोंड करून टांगलेली चर्चची घंटा पाण्याने भरली आणि रविवारी वाजायच्या ऐवजी गुडगुडली. (हा उतार होता.)

दुकानातली पोरं मला ‘फाटक’ म्हणायची. शेताचं लाकडी फाटक आणि मी, उचलायला सारख्याच जड, असं त्यांचं मत. गिऱ्हाइकं यायची, माझ्यावर कोट ठेवायची आणि दुसरीच सायकल घेऊन जायची. मी गप्प उभी असे. वाट पाहणं हे आमच्या जातीला जन्मतःच येतं.

गावात बिस्किटांचा कारखाना आहे. तिथल्या पॅकिंग विभागात हेझल ग्रीनवूड काम करायची. तिचा बाप सिरिल हा गावच्या सायकल मंडळाचा जुना गडी. हेझलचा जन्म झाला त्या रविवारीही तो आधी सायकलवरून फिरून आला आणि मग दवाखान्यात गेला, असं तिची आई डोरीन अजून ऐकवते. तर त्या वर्षी पानगळीच्या सुमाराला सिरिलचा उजवा कान पुरता गेला. आमच्याकडे मागून येणारी गाडी उजवीकडूनच पुढे जाते. एका रविवारी दुधाचा टँकर त्याच्या बाहीला आरसा घासून गेला, तरी याला पत्ता नाही. घरी येऊन त्याने तो किस्सा गंमत म्हणून सांगितला. डोरीन हसली नाही. तिने ताटं उचलली आणि निकाल दिला. डिसेंबरच्या पहिल्या रविवारपासून त्याच्या उजव्या हाताला कुणीतरी सोबत असेल तर ठीक, नाहीतर सायकल हल शहरात राहणाऱ्या पुतण्याकडे जाईल.

सिरिल म्हणाला, “मला राखण कशाला? मेंढी आहे का मी?”

डोरीन म्हणाली, “मेंढीला ऐकू येतं.”

त्यापुढे त्या घरात कित्येक दिवस मीठ-मिरी मागण्यापुरतंच बोलणं झालं. हेझलला दोघांची बाजू कळत होती. बाप रविवारी घरी बसला तर वसंतापर्यंत खुर्चीला मुळं फुटतील, हेही तिला कळत होतं. पण तिच्याकडे सायकलच नव्हती.

कारखान्यात मात्र एक योजना होती. सायकल कारखाना घेऊन देणार, पगारातून दरमहा थोडे पैसे कापून घेणार आणि तुम्ही तिच्यावरून कामावर यायचं. एकदा सही केली की वर्षभर तीच सायकल, बदलून मिळणार नाही. ही योजना हिशेब खात्यातला क्लाइव्ह बघायचा. दुसऱ्याच्या सायकलची निवड करणं हा त्याचा छंद. जेवणाच्या सुट्टीत तो हेझलबरोबर दुकानात आला आणि थेट एका लाल सायकलीपाशी जाऊन उभा राहिला. शर्यतीची सायकल, करंगळीने उचलावी इतकी हलकी. किंमत उतरवल्यामुळे योजनेत कशीबशी बसत होती.

“ही घे,” तो म्हणाला. “हिच्यावर तू उडशील.”

हेझलने तिच्या दांड्यावरून हात फिरवला. तिचे डोळे चकाकले. खोटं कशाला बोलू, मलाही ती लाल पोरगी आवडायची.

आता इथे एक लहानसा उतार आहे, काय ते समजून घ्या. हेझल सही करायला वळली आणि माझं हँडल आपण होऊन पुढे सरकलं आणि तिच्या कोटाच्या खिशात अडकलं. ते सोडवायला ती वाकली, तेव्हा तिला माझ्या चाकाशेजारची, मडगार्डचे स्क्रू बसवायची दोन बारीक भोकं दिसली. ती तशीच थांबली.

तिला लहानपण आठवलं होतं. माळरानाच्या माथ्यावर एक चहाचं घर आहे. तिथे ती आईबरोबर बापाची वाट बघत बसायची. मंडळाचे लोक भिजून यायचे. ज्यांच्या सायकलला मडगार्ड, ते शेकोटीजवळ बसायचे. ज्यांना नाही, त्यांच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा काळा पट्टा असायचा. त्यांना दाराशी वर्तमानपत्र पसरून त्यावर बसावं लागे. मंडळाचा हिवाळी कायदाच तसा. मडगार्ड नसेल त्याने सगळ्यांच्या मागे, एकट्याने राहायचं. कारण तुमचं चाक जे उडवतं ते मागच्याच्या तोंडात जातं. मग तुम्ही कितीही दांडगे असा. आणि सगळ्यात मागे राहणाऱ्याला कुणाच्या उजव्या कानाजवळ कसं राहता येणार?

“क्लाइव्ह,” हेझलने विचारलं, “या लाल सायकलला मडगार्ड बसतं का?”

नवरी गमबूट घालणार का असं कुणी विचारावं, तसा क्लाइव्ह हसला. “अगं, शर्यतीची सायकल आहे ती.”

“आणि पाऊस आला तर?”

“पाऊस असला तर घरी बसायचं.”

“तू राहतोस कुठे, क्लाइव्ह?”

तिने पुन्हा एकदा लाल सायकलीकडे पाहिलं, चांगलं डोळे भरून. मग दुकानदाराला बोलावलं, मला पुरी मडगार्डं लावून घेतली, मागच्याला खाली रबराची जीभही, आणि सही केली.

पॅकिंग विभागाला महिनाभर करमणूक झाली. हेझल आली की विचारायचे, “फाटक नीट लावलंस ना? गुरं बाहेर पडतील हं.” ती हसून घ्यायची. पण कारखान्याच्या वाटेवर मोठा चढ आहे, आणि चढावर मी खोटं बोलत नाही. पहिला आठवडा ती मला ढकलत नेत होती, पावसाच्या आडून रडत होती. लाल सायकल घेतली असती तर, असं दोनदा पुटपुटलीसुद्धा. मी ऐकलं. मी सर्वांत छोटा गिअर लावून दिला. नोव्हेंबर संपता संपता ती एकदाही न उतरता वर पोचली. वर पोचल्यावर तिने माझी सीट थोपटली. मित्रांनो, आमच्यासारख्यांना तेवढं वर्षभर पुरतं.

डिसेंबरचा पहिला रविवार उजाडला. बाजारातल्या घड्याळाखाली मंडळ जमलं. सिरिल आला, मुलीला पाहिलं आणि त्याचं तोंड आंबलं.

“हे तुझ्या आईचं काम.”

“नाही, बाबा. मला वाऱ्याला आडोसा हवाय. वारा डावीकडून आहे आणि तू रुंद आहेस.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आणि हे काय उचलून आणलंस? फाटक?”

मंडळाची म्होरकी विनी ऑग्डन, सत्तरी उलटलेली आणि पिंडऱ्या ओकच्या लाकडाच्या. तिने बुटाच्या टोकाने माझ्या रबरी जिभेला धक्का दिला. “मडगार्ड पुरं आहे. पोरगी हवं तिथे राहू शकते. सिरिल, तुला अडचण असेल तर तू मागे जा.”

सिरिल मागे गेला नाही.

माळरानाचा चढ लागला. धुकं इतकं दाट, की माझं पुढचं चाक मला दिसेना. मागून, बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक आला. मागची मंडळी ओरडली, “गाडी!” सिरिलला काही ऐकू आलं नाही. समोर खड्डा आला म्हणून तो उजवीकडे वळू लागला. हेझलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला घट्ट डावीकडे, दगडी कुंपणाशी दाबलं. मग चटकन स्वतः त्याच्या मागे सरकली. ट्रक हातभर अंतरावरून गेला आणि लग्नात अक्षता टाकाव्यात तसं मीठ आम्हा सगळ्यांवर उधळत गेला.

सिरिल मुलीबरोबर चहाच्या घरात शिरला. शेकोटीजवळ बसल्यावर त्याने आपल्या लोणी लावलेल्या मनुकापावातला मोठा अर्धा तिच्या बशीत ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

खरी गोष्ट घरी घडली. सिरिल घरी आला की आधी चहा. बूट नंतर, देवही नंतर. त्या दिवशी मात्र त्याने हेझलच्या हातातून माझं हँडल घेतलं. बादलीभर कोमट पाण्याने मीठ धुतलं, जुन्या बनियनने नळीन् नळी पुसली, साखळीला तेल दिलं. डोरीन दारात येऊन म्हणाली, “चहा गार होतोय.”

“होऊ दे. आधी फाटक.”

मग माझ्या चाकाकडेच बघत तो मुलीला म्हणाला, “पुढच्या रविवारी आठला निघू. तू उजवीकडेच राहा, पोरी. वारा कुठूनही असो.”

डोरीनने पुतण्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

पुढे पुष्कळ हिवाळे आम्ही तो माळ चढलो. पण सगळेच दिवस कौतुकाचे नसतात. एका वर्षी सिरिलच्या छातीत सर्दी भरली. त्या धावपळीत मला न पुसताच शेडमध्ये कांद्यांच्या माळांखाली उभं केलं गेलं, अंगावर रस्त्याचं मीठ तसंच. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी जागले, पण मीठ काही माझ्याशी जागलं नाही. त्याने माझे स्क्रू खाल्ले, साखळी तांबडी केली. कोळ्याने घंटीत संसार थाटला. पुढच्या हिवाळ्यात माझी आठवण कुणालाच झाली नाही. मला वाटलं, संपलं.

त्यानंतरच्या नोव्हेंबरमध्ये शेडचं दार उघडलं. सिरिल होता. वाळलेला, पण उभा. त्याच्या गुडघ्यांना आता त्याची स्वतःची सायकल झेपत नव्हती. त्याने माझा छोटा गिअर फिरवून पाहिला आणि जुनं बनियन शोधायला गेला.

आता तो माझ्यावर बसतो. हो, ज्याने मला फाटक म्हटलं तोच. हेझलने त्याच योजनेतून दुसरी सायकल घेतली. चहा मुरायला लागतो तेवढ्या वेळात तिने ती निवडली. पहिल्यांदा चाकाशेजारची भोकं पाहिली, रंग शेवटी. लाल सायकल पुढे क्लाइव्हनेच घेतली होती. ती त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर लटकते. उन्हाळ्यात तो ती बाहेर काढतो, आणि आमच्याकडे उन्हाळा मंगळवारी दुपारी असतो. परवा मात्र तो हेझलला हळूच विचारत होता, मडगार्ड बसेल अशी एखादी मिळेल का.

मित्रांनो, आता दम लागलाय, म्हणजे हा चढ आहे आणि बोलते ते खरं आहे. आम्हाला झळाळी नको, भिंतीवरची जागा नको. पावसातून घरी आलात की आधी आम्हाला पुसा, मग चहा प्या. आणि कुणाच्या उजव्या हाताची जागा रिकामी दिसली, तर सायकल घेऊन तिथे जा. मडगार्ड तेवढं लावून जा.